खेड्यातील दमा आणि शेतीचा हिशेब

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या जमिनीत वसलेले आष्टा हे वाळवा तालुक्यातील बागायती गाव होय. 1949 पूर्वी हा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला आणि 1960 मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. ऊस, हळद, सोयाबीन व भुईमूग ही येथील मुख्य पिके. सहकारी साखर कारखानदारी आणि नदीवरील उपसा सिंचन यांमुळे या पट्ट्याचे रूप पालटले, हे सर्वमान्य आहे. एकरी किती टन ऊस निघाला, हळदीस सांगलीच्या बाजारात काय दर मिळाला, खोडवा ठेवावा की मोडावा, याची चर्चा येथे पारावर बसलेला शेतकरीही आकड्यांनिशी करतो.

परंतु याच गावात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर असाही एक आकडा आहे, की जो कोणी मांडीत नाही. पन्नाशी उलटलेली किती माणसे विहिरीपासून घरापर्यंत चालताना दोनदा थांबतात? किती स्त्रियांना भाकरी थापता थापता धाप लागते? किती घरांत रात्रीचा खोकला ऐकण्याची सवय झाली आहे? अशा माणसाविषयी विचारले असता ‘त्याला जुना दमा आहे’ किंवा ‘वयच झाले’ एवढेच उत्तर मिळते. हा दमा दैवाने आलेला नसतो आणि निव्वळ वयानेही येत नाही. त्याचा बराच मोठा भाग चूल, शिवार आणि खळे येथे तयार होतो व दारिद्र्य त्यास वाढविते. म्हणून तो केवळ दवाखान्याचा प्रश्न नसून शेतीविस्ताराच्या कार्याचाही प्रश्न आहे, असे ठामपणे म्हणावे लागते.

रोगाचे स्वरूप

खेड्यात ‘दमा’ हा एकच शब्द निरनिराळ्या विकारांसाठी वापरला जातो. खरा दमा बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो. तो येतो व जातो, आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात माणूस बरा असतो. दुसरा विकार हळूहळू येतो व कायमचा राहतो. त्यास डॉक्टर सीओपीडी म्हणतात. मराठीत त्यास श्वासमार्गांचा दीर्घकालीन अवरोध म्हणता येईल. वर्षानुवर्षे धूर व धूळ आत गेल्याने श्वासनलिका सुजतात, त्यांत बेडका साठतो, आणि फुफ्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्या फाटून निकामी होतात. घेतलेला श्वास पुरता बाहेर पडत नाही. शिळी हवा आत कोंडून राहते व नव्या हवेस जागा मिळत नाही. फाटलेल्या पिशव्या पुन्हा तयार होत नाहीत. मात्र धूर व तंबाखू सुटल्यास पुढील घसरण मंदावते, आणि योग्य औषधाने माणूस पुष्कळ वर्षे कामाचा राहू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे 2021 मध्ये या विकाराने जगात सुमारे 35 लाख माणसे मरण पावली. सत्तर वर्षांखालील अशा मृत्यूंपैकी जवळजवळ 90 टक्के मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. भारतात 1990 मध्ये या विकाराचे सुमारे 2 कोटी 80 लाख रुग्ण होते, ते 2016 मध्ये सुमारे 5 कोटी 50 लाख झाले. त्या वर्षी जगाच्या लोकसंख्येपैकी 18 टक्के लोक भारतात राहात होते. पण श्वसनाच्या जुनाट विकारांमुळे मृत्यू व अपंगत्व यांपायी जगात जी निरोगी वर्षे गमावली गेली, त्यांपैकी 32 टक्के भारताच्या वाट्यास आली. लोकसंख्येच्या मानाने हा वाटा फार मोठा आहे. रोग किती जणांना होतो याबरोबरच रोग झाल्यावर माणसाचे काय होते, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, हे यावरून दिसून येते.

केवळ बिडीस दोष देऊन भागणार नाही

बिडी हे या विकाराचे मोठे कारण आहे, यात वाद नाही. सिगारेटपेक्षा ती निरुपद्रवी असते, हा समज खोटा आहे. तथापि श्रीमंत देशांत या विकाराच्या 70 टक्क्यांहून अधिक रुग्णांत तंबाखूचा धूर हे कारण असते, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ते प्रमाण 30 ते 40 टक्केच भरते. भारताविषयीच्या 2016 च्या हिशेबात या विकारामुळे झालेल्या हानीपैकी 53.7 टक्के हानी हवेच्या प्रदूषणाकडे, 25.4 टक्के तंबाखूकडे आणि 16.5 टक्के कामाच्या ठिकाणच्या धूळ-धुराकडे लावलेली आहे.

ही गोष्ट नवी नाही. डॉ. एस. पद्मावती यांनी 1959 मध्ये दिल्लीतील 127 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुफ्फुसाच्या जुनाट विकाराने ज्यांच्या हृदयावर ताण आला होता, असे ते रुग्ण होते. त्या अभ्यासात व त्यांच्या नंतरच्या लेखनात धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांकडे लक्ष वेधले गेले, आणि शेणाच्या गोवऱ्यांच्या धुराकडे बोट दाखविले गेले. त्यास सहा दशकांहून अधिक काळ लोटला. तरीही बाईला धाप लागली की ‘ही तर बिडी ओढत नाही, मग दमा कसा?’ असे आजही विचारले जाते.

चुलीचा धूर

1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला आणि गरीब घरांतही गॅसची शेगडी पोहोचली. हे मोठे काम झाले. परंतु शेगडी घरात आली म्हणजे चूल गेली, असे होत नाही. चहा व भाजी गॅसवर होते. भाकरी, अंघोळीचे पाणी आणि जनावरांचे आंबोण मात्र शेणी, काटक्या, तुराट्या व वाळलेले वाडे यांवरच शिजते किंवा तापते. जळण फुकट मिळते आणि टाकीस रोख रक्कम मोजावी लागते. ज्या घरात आठवड्याच्या बाजारास मजुरीचे पैसे जेमतेम पुरतात, त्या घरात टाकी जपून वापरली जाते. म्हणजे चूल टिकून राहण्याचे कारण अडाणीपणात नसून घरच्या जमाखर्चात आहे.

चुलीपुढे बसून फुंकणी फुंकणारी स्त्री आणि तिच्या मांडीवरचे मूल हे दोघेही या धुराचे पहिले धनी होत. बालपणी वारंवार न्यूमोनिया झाला, जन्मतःच वजन कमी असले किंवा आहार अपुरा पडला, तर फुफ्फुसाची वाढ खुंटते. असे मूल पुढे अपुऱ्या भांडवलानेच आयुष्यास सुरुवात करते. डास घालविण्यासाठी बंद खोलीत जी वेटोळी अगरबत्ती जाळतात, तिचाही येथे विचार केला पाहिजे. अशी एक वडी जळून 75 ते 137 सिगारेटींइतका सूक्ष्म धूर हवेत सोडते, असे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत आढळले. मच्छरदाणी ही तिच्यापेक्षा स्वस्तही आहे आणि निर्धोकही.

शिवारातील धूर व धूळ

ऊस तुटून गेल्यावर हेक्टरी सुमारे 8 ते 10 टन पाचट रानात उरते. ते पेटवून दिले की रान लवकर मोकळे होते, हा शेतकऱ्याचा हिशेब असतो. हा हिशेब शेतीच्या दृष्टीनेही तोट्याचा आहे. पाचटात सुमारे अर्धा टक्का नत्र, 0.2 टक्के स्फुरद आणि 0.7 ते 1 टक्का पालाश असतो. दहा टन पाचट जाळणारा शेतकरी सुमारे 50 किलो नत्र व टनावारी सेंद्रिय द्रव्य आकाशात उडवितो, आणि त्याचा धूर शेजारच्या वस्तीवरील म्हाताऱ्याच्या छातीत जातो. एकाच काडीने जमीन व माणूस या दोघांचीही हानी होते.

गुऱ्हाळाची गोष्ट निराळी नाही. चुलवणात चिपाड सारणारा मजूर हंगामभर तोंडावर झळ व धूर घेत असतो. धुराडे बुटके असले, किंवा ओले चिपाड जाळले, तर सारा धूर माणसांच्या उंचीवरच फिरतो. ओलीत पडून बुरसलेले चिपाड हलविताना उडणारी धूळ हा आणखी एक धोका होय. अशा धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या दाहाची नोंद वैद्यकात 1941 पासून आहे. सोयाबीनच्या मळणीत यंत्राच्या तोंडाशी उभे राहणारे मजूर, हळद शिजवून वाळविल्यावर ती घासणाऱ्या पिंपाजवळ काम करणाऱ्या स्त्रिया, कोंबड्यांच्या घरात रोज झाडलोट करणारी मुले, या सर्वांच्या वाट्यास हीच धूळ येते. मळणी दोन दिवसांत आटोपते, असे मालकास वाटते. मजुराची मळणी मात्र एका खळ्यावरून दुसऱ्या खळ्यावर अशी महिनाभर चालते.

बीडकडून व मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडीस येणाऱ्या जोडप्यांची स्थिती याहून बिकट असते. पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या खोपीतच चूल, तेथेच निजणे, पहाटेच्या थंडीत तोड आणि दिवसभर पाचटाची धूळ. त्यांचे नाव गावच्या कोणत्याही यादीत नसते. म्हणून त्यांचा खोकलाही कोणाच्या वहीत लिहिला जात नाही.

याखेरीज 2005, 2019 आणि 2021 या वर्षी कृष्णा-वारणाकाठच्या गावांनी महापूर पाहिले. पुराचे पाणी ओसरल्यावर मातीच्या भिंती कित्येक महिने ओल धरून राहतात व त्यांवर बुरशी चढते. ज्यांची छाती आधीच अधू आहे, त्यांना ही ओल सोसत नाही.

दारिद्र्य रोगास हात देते

हाच विकार शहरातील सुखवस्तू माणसास झाला तर काय होते आणि खेड्यातील मजुरास झाला तर काय होते, याची तुलना करून पाहावी.

पहिली गोष्ट निदानाची. या विकाराची खात्री यंत्रात जोराने फुंकून करावयाच्या श्वासचाचणीने होते. ती सोय गावात नसते. सांगली-मिरजेस जावे लागते. एक खेप म्हणजे दोन माणसांची दिवसाची मजुरी व गाडीभाडे. त्यामुळे जिना चढताना दम लागला की शहरातील माणूस तपासणीस जातो, तर खेड्यातील मजूर जागेवर बसूनही दम लागू लागेपर्यंत थांबतो. तोवर फुफ्फुसाचा मोठा भाग गेलेला असतो.

दुसरी गोष्ट औषधाची. श्वासावाटे घ्यावयाचे औषध, ज्यास लोक ‘पंप’ म्हणतात, हे या विकाराचे मुख्य औषध होय. ते अल्प मात्रेत थेट श्वासनलिकेत पोहोचते. परंतु पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय आहे, असा समज सर्वत्र पसरला आहे. शिवाय महिन्याचा पंप म्हणजे मजूर बाईची काही दिवसांची कमाई. म्हणून त्रास वाढला की इंजेक्शन, उतरला की काहीच नाही, असे चालते. स्टेरॉइडच्या गोळ्या व सुया वारंवार घेतल्याने हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, स्नायू झिजतात. थोडक्यात, स्वस्त वाटणारा उपचार महाग पडतो.

तिसरी गोष्ट अन्नाची. ज्यास श्वास घेण्यासाठीच कष्ट पडतात, त्याच्या शरीरास अधिक अन्न लागते. पण जेवताना धाप लागते म्हणून तो कमी जेवतो. त्यात घरात डाळ, दूध, अंडी यांचा तुटवडा असला की शरीर वाळत जाते, आणि वाळलेल्या शरीरास हा रोग लवकर जिंकतो.

चौथी गोष्ट विश्रांतीची व कामाची. डॉक्टर सांगतात, ‘धुळीचे काम सोडा’. ज्याच्याकडे दुसरे काम नाही, त्याने काय सोडावे? तो त्याच खळ्यावर परत जातो. पुढे काम होईनासे झाले की मजुरी जाते, कर्ज चढते, मुलाची शाळा सुटते. रोगाने दारिद्र्य आणि दारिद्र्याने रोग, असे हे रहाट फिरत राहते.

ही स्थिती केवळ भारताचीच आहे, असे नव्हे. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही 2015 च्या सरकारी पाहणीत ग्रामीण भागातील प्रौढांत या विकाराचे प्रमाण 8.2 टक्के, तर मोठ्या महानगरांत 4.7 टक्के आढळले. खेडे म्हणजे शुद्ध हवा, ही कल्पना कवितेत शोभते. आरोग्याच्या हिशेबात ती टिकत नाही.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो, की हे काम आरोग्य खात्याचे आहे. शेतीच्या कार्यकर्त्याने बियाणे, खते व पाणी यांपुरतेच पाहावे. पण पाचट जाळावे की कुजवावे, गुऱ्हाळाचे धुराडे किती उंच असावे, मळणीयंत्र कोणत्या दिशेस लावावे, शेणाच्या शेणी थापाव्यात की त्यांचा गोबरगॅस करावा, हे सांगणार कोण? दवाखान्यातील डॉक्टर रोगी आल्यावर भेटतो. शेतीचा कार्यकर्ता धूर निघण्यापूर्वी बांधावर पोहोचू शकतो.

दुसरा आक्षेप असा, की लोक चुली बदलीत नाहीत. तसे प्रयत्न झाले आणि फसले. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम 1980 नंतरच्या दशकात सुरू झाला व 2002 मध्ये बंद पडला, हे खरे आहे. पुष्कळ चुली मोडल्या, त्यांची दुरुस्ती झाली नाही. यावरून लोक नालायक ठरत नाहीत. वाटप झाले व देखभाल झाली नाही, एवढाच निष्कर्ष निघतो. चीनमधील श्वानवेई परगण्यात ज्या घरांनी उघड्या शेगड्या काढून धुराड्याच्या चुली बसविल्या, त्या घरांतील माणसांत या विकाराचे प्रमाण पुढील वर्षांत स्पष्टपणे घटले, असे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. वस्तू टिकली व रोज वापरात राहिली, तर फायदा होतो.

ग्रामकार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी काय करावे

1. पाचट जाळू नये. ऊस तुटल्यावर पाचट एक आड एक सरीत किंवा सर्व सऱ्यांत पसरावे. दर टन पाचटास 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजविणारे जिवाणूखत टाकून पाणी द्यावे. ओल टिकते, तण दबते आणि खोडव्यास खत मिळते. प्रत्येक गावात निदान एका शेतकऱ्याच्या रानात हे प्रात्यक्षिक रस्त्यालगत घ्यावे, म्हणजे येणारा-जाणारा पाहील.

2. ज्या घरी चार-पाच जनावरे आहेत, तेथे गोबरगॅसचा विचार व्हावा. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे 50 किलो शेण लागते. त्यावर लहान कुटुंबाचा स्वयंपाक होतो आणि रबडी शेतास मिळते. बांधणीनंतर वर्षभर देखभालीस कोण येणार, हे ठरविल्याशिवाय बांधकाम करू नये.

3. ज्या घरी चूल अटळ आहे, तेथे ती उघड्या पडवीत किंवा धुराड्याखाली असावी, जळण कोरडे असावे, आणि लहान मुलास चुलीपासून दूर ठेवावे. पाणी तापविण्याची चूल तरी घराबाहेर असावीच.

4. मळणीयंत्र असे लावावे, की भुस्कट वाऱ्याबरोबर माणसांपासून दूर जाईल. यंत्राच्या तोंडाशी एकाच मजुरास दिवसभर न ठेवता पाळी बदलावी. धोतराचा किंवा पदराचा पट्टा मोठी धूळ अडवितो. सूक्ष्म धूळ व धूर मात्र अडवीत नाही. नाकातोंडावर घट्ट बसणारा, सूक्ष्म कण अडविणारा मुखपट्टा मजुरास मालकाने द्यावा. तो मळणीच्या खर्चातच धरावा.

5. गुऱ्हाळाचे चिपाड पावसापासून झाकून ठेवावे, बुरसलेले चिपाड हाताळू नये, धुराडे उंच बांधावे.

6. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास प्रथम क्षयाची तपासणी करून घ्यावी. क्षय बरा झाल्यावरही काहींच्या फुफ्फुसात कायमची इजा राहते. अशांनी धाप लागत असल्यास पुन्हा दाखवावे. क्षयाच्या रुग्णास उपचारकाळात पोषणासाठी नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 1,000 रुपये मिळतात, ही माहिती घरोघर पोहोचवावी.

7. ज्यास पंप दिला आहे, त्याने तो नियमित व योग्य रीतीने घ्यावा. पंपाचे व्यसन लागत नाही. तो कसा ओढावा हे आशा कार्यकर्तीने किंवा परिचारिकेने समक्ष दाखवावे, कारण चुकीच्या रीतीने ओढलेले औषध तोंडातच राहते. बिडी सोडणे हा मात्र सर्व औषधांच्या आधीचा उपाय होय. मिश्री भाजताना घरात होणारा धूरही टाळावा, आणि मिश्रीही सोडावी.

8. धाप लागते म्हणून रुग्णास खाटेवर बसवून ठेवू नये. सपाट वाटेवर रोज सोसेल तितके चालावे. दरवर्षी फ्लूची लस घ्यावी की नाही, हे डॉक्टरांना विचारावे.

शासनाकडे मागणे

असांसर्गिक रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या विकाराचा समावेश आहे, ही चांगली गोष्ट आहे. परंतु कागदावरचा समावेश आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रोज मिळणारा पंप यांत अंतर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतो. या विकाराचा खर्च मात्र घरी, महिन्याला, आयुष्यभर होत असतो. रुग्ण गुदमरून दाखल होण्याची वाट पाहण्यापेक्षा महिन्याचा पंप गावातच विनामूल्य द्यावा, हे शासनासही स्वस्त पडेल. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात श्वासचाचणीचे यंत्र व ते चालविणारा माणूस असावा. ऊसतोडीच्या हंगामात तळावरच तपासणी व्हावी, कारण ते मजूर दवाखान्याच्या वेळेत फडात असतात.

शेतीची प्रगती टनांत व क्विंटलांत मोजण्याची सवय झाली आहे, आणि ती आवश्यकही आहे. परंतु ज्या फडात ऊस शंभर टनांनी पिकतो आणि तो तोडणारा, त्याचे पाचट ओढणारा, त्याचा गूळ काढणारा माणूस साठीच्या आत धापा टाकीत घरी बसतो, त्या फडाच्या जमाखर्चात खर्चाची एक मोठी बाब लिहावयाची राहून गेली आहे. ती बाब लिहिण्याचे काम ग्रामकार्यकर्त्यांनी हाती घ्यावे. पुढील हंगामात पाचट पेटविण्यापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याने वाऱ्याच्या दिशेस कोणाचे घर आहे, एवढे तरी पाहावे.